चपट्या चाकांची वाघीण: वारंवार येणाऱ्या एका बिघाडाचा मागोवा

वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, सिक लाइनवर (नादुरुस्त डबे तपासण्याच्या रुळावर) आली तेव्हा तिच्या कार्डावर एकच ओळ होती: 'चाकं चपटी, ब्रेक बाइंडिंगचा संशय.' बाइंडिंग म्हणजे ब्रेक न सुटता चिकटून राहणं. ती त्याच कारणासाठी आधीही येऊन गेली होती. पहिल्यांदा चारही चाकजोड्या बदलल्या, ब्रेक लावणारा-सोडणारा डिस्ट्रिब्युटर व्हॉल्व बदलला, चाचणी पास झाली आणि वाघीण रेकमध्ये, म्हणजे डब्यांच्या जोडलेल्या ताफ्यात, परत गेली. दुसऱ्यांदा पुन्हा चाकजोड्या, आणि या वेळी स्लॅक ॲडजस्टरही. चाचणी पुन्हा पास. त्यानंतर ती पुन्हा आली आणि आठपैकी आठ चाकांवर चट्टे होते.

या प्रकरणात नाट्य काही नाही. अपघात झाला नाही, रूळ तुटला नाही. तरीही नव्या फिटरना मी हेच प्रकरण आधी सांगतो. यातल्या प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणे केलं होतं आणि तरी बिघाड हाताला लागत नव्हता.

आधी वाघिणीची ओळख. उघडी वाघीण, दोन बोग्या (चाकजोड्यांच्या खालच्या चौकटी), चार चाकजोड्या. एअर ब्रेक, काँपोझिट ब्रेक ब्लॉक. रिकाम्या आणि भरलेल्या स्थितीसाठी ब्रेकचा जोर बदलणारा एम्प्टी-लोड बॉक्स, तोही जुन्या धाटणीचा, हाताने फिरवायच्या हँडलचा. रेक दोनच टोकांमध्ये फिरायचा: जाताना भरलेला, येताना रिकामा. वाटेत वाघिणीचं तोंड फिरवणारा त्रिकोण किंवा वळसा कुठेच नव्हता. हा शेवटचा तपशील तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

चट्टा म्हणजे नेमकं काय

चाक फिरायचं थांबलं आणि गाडी चालत राहिली की चाक रुळावर घासत जातं. घासलेल्या जागी एक सपाट चट्टा पडतो. लांबी मोजायची पट्टी प्रत्येकाच्या खिशात असते, खोली मात्र सहसा कुणी मोजत नाही, कारण ती लांबीवरून निघते: लांबीचा वर्ग भागिले व्यासाची चौपट. 1000 मिलिमीटर व्यासाच्या चाकावर 40 मिलिमीटरचा चट्टा असेल तर खोली 0.4 मिलिमीटर. 60 मिलिमीटरचा असेल तर 0.9. म्हणजे लांबी दीडपट झाली की खोली सव्वादोनपट होते. मालगाडीच्या चाकाला साधारण 50 ते 60 मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते, ती उगीच नाही. त्याच चाकाचा घेर 3.14 मीटर. ताशी 60 किलोमीटरने तो चट्टा सेकंदाला पाचेक वेळा रुळावर आपटतो, आणि प्रत्येक ठोका रूळ, बेअरिंग आणि स्प्रिंग सगळ्यांना बसतो.

डोळ्यांना न दिसणारी गोष्ट याहून वाईट. घसरताना त्या जागेचं पोलाद सातशे अंशांच्या वर तापतं आणि चाक पुन्हा फिरू लागताच खालचं थंड लोखंड त्याची उष्णता झपाट्याने ओढून घेतं. लोहाराने लालबुंद पातं पाण्यात बुडवावं तसंच. तिथे मार्टेन्साइटचा पातळ, कडक आणि ठिसूळ थर तयार होतो. तो नंतर चाकाच्या दाबाखाली तडकतो, खपल्या सुटतात आणि चट्ट्याच्या जागी खड्डे पडतात. म्हणून मर्यादेच्या आतला चट्टासुद्धा 'चालेल' म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही. चाक लेथवर घेतलं तर त्या थराच्या खालपर्यंत कट घ्यावा लागतो. वरवर कट घेतला की कार्बाइडची टीप त्या कडक जागेवर आपटून तुटते, आणि चाक गोल दिसलं तरी थर आतच राहतो.

आधीचे दोन निष्कर्ष कुठून आले

व्हॉल्व बदलणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. चपटं चाक दिसलं की पहिला संशय ब्रेक न सुटण्यावर जातो. ब्रेक पाइपचा दाब 5 बार. व्हॉल्व तो दाब कंट्रोल रिझर्व्हॉयर नावाच्या हवेच्या टाकीतल्या दाबाशी ताडून पाहतो. पाइपचा दाब उतरला की ब्रेक लागतो, परत चढला की सुटतो. व्हॉल्व अडखळला किंवा कंट्रोल रिझर्व्हॉयर जास्त भरून राहिलं तर पाइपचा दाब पूर्ण येऊनही थोडा ब्रेक शिल्लक राहतो. पण जास्त भरण्याचं कारण इंजिनाकडून येतं आणि त्याचा त्रास रेकमधल्या अनेक वाघिणींना होतो. इथे एकच वाघीण आजारी होती. मग व्हॉल्ववर बोट ठेवणं साहजिक होतं. त्यात व्हॉल्व बदलणं झटपट होतं, कागदावर भरीव काम दिसतं आणि वाघीण लवकर सुटते. यार्डाला वाघीण हवी असते, हे सिक लाइनवर काम करणाऱ्याला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

स्लॅक ॲडजस्टरचंही तसंच. ब्लॉक झिजत जातात तसं ब्लॉक आणि चाक यांतलं अंतर तो आपोआप राखतो. त्याने जास्तच ओढून घेतलं तर ब्लॉक चाकाला टेकलेले राहतात. संशय चुकीचा नव्हता. फक्त चाकांनी त्याला दुजोरा दिला होता का, हे पाहायचं राहून गेलं होतं. चाकजोडी क्रेनने उचलून लेथकडे गेली की तिच्यावरचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. पहिल्या दोन खेपांना नेमकं तेच झालं.

चाकं काय सांगत होती

या खेपेला मी वाघीण उचलू दिली नाही. दोन्ही बाजूंना लाल झेंडी, चाकांना गुटके, आणि मग हातात खडू. प्रत्येक चाक थोडं थोडं पुढे सरकवून चट्टा शोधायचा, खडूने त्याची दोन टोकं आखायची, लांबी लिहायची आणि धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या चाकावर त्याचा जोडीदार पाहायचा. काम कंटाळवाणं आहे. पण आमच्या धंद्यात एवढ्या कमी खर्चात एवढी माहिती दुसऱ्या कशातून मिळत नाही.

पहिली गोष्ट अशी की धुऱ्याच्या दोन्ही चाकांवर चट्टे अगदी समोरासमोर होते. दोन्ही चाकं एकाच धुऱ्यावर दाबून बसवलेली असतात, त्यामुळे चाकजोडी अडकली की दोन्ही एकाच कोनात घासतात. चाकं फिरत नव्हती याची ही खूण. दुसरी गोष्ट: एका चाकावर एकच चट्टा नव्हता. काही चाकांवर दोन, काहींवर तीन होते आणि त्यांचं वयही वेगवेगळं. एकाच्या कडा करकरीत, नखाला लागणाऱ्या. शेजारच्याच्या कडा पुढे धावून गोलसर झालेल्या, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या. म्हणजे चाक एकदाच लांबवर ओढलं गेलेलं नाही. ते अनेकदा, थोडं थोडं घसरलंय.

तिसरी गोष्ट म्हणजे काय दिसत नव्हतं ते. ब्रेक चिकटून राहिला तर चाक फिरत असतं आणि ब्लॉक घासत असतो. मैलोन्‌मैल. रिम निळसर-तपकिरी होते, चाकाच्या तबकडीवरचा रंग जळतो, ट्रेडवर, म्हणजे चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या भागावर, उष्णतेच्या बारीक भेगा पडतात, ब्लॉक चकचकीत होतो किंवा करपून तुकडे सुटतात, आणि वास तर दुरूनच येतो. इथे रंग शाबूत होता, ब्लॉक सारखे झिजलेले होते, रिमवर कुठेच निळी झाक नव्हती. हँडब्रेक अर्धवट लागून राहिला असता तरी उष्णतेच्या अशाच खुणा मिळाल्या असत्या.

तेव्हा अडचण ब्रेक सुटण्यात नव्हतीच. ब्रेक वेळेवर लागत होता, वेळेवर सुटत होता, पण लागताना गरजेपेक्षा जास्त जोराने लागत होता. तेही आठही चाकांवर, म्हणजे बिघाड एखाद्या बोगीत नसून सगळ्या रिगिंगला, म्हणजे ब्लॉकपर्यंत जोर नेणाऱ्या तरफा-दांड्यांना, जोर पुरवणाऱ्या जागी होता.

जोराचा हिशेब

हिशेबासाठी गोल आकडे घेऊ. रिकाम्या वाघिणीचा भार दर धुऱ्याला 5.5 टन, भरलेलीचा 22 टन. भरलेल्या स्थितीत ब्रेक दर धुऱ्याला 1.3 टनाचा रोध देतो असं धरू, आणि रिकाम्या स्थितीत त्याच्या निम्मा. भरलेल्या वाघिणीला भाराच्या 6 टक्के पकड लागेल. ती रुळाकडून कधीही मिळते. रिकाम्या वाघिणीला, हँडल बरोबर असेल तर, 12 टक्के. तीही बहुधा मिळते. पण वाघीण रिकामी आणि ब्रेकचा जोर मात्र भरलेलीचा, असं झालं तर लागणारी पकड जवळजवळ 24 टक्क्यांवर जाते. कोरड्या स्वच्छ रुळावर ती कशीबशी मिळते. पहाटेचं दव, पावसाची पहिली भुरभुर, रुळावर सांडलेलं तेल किंवा ओला पाला असेल तर पकड 15 टक्क्यांच्या खाली सहज उतरते आणि चाक थांबतं.

चट्ट्यांची वयं वेगवेगळी का, याचं उत्तर यात होतं. रूळ ओला असेल आणि त्याच वेळी जोरात ब्रेक लागला तरच घसरण. बाकीच्या फेऱ्या बिनबोभाट. दुरुस्तीनंतर कोरड्या सायडिंगवर चालवून पाहिलं की काहीच दिसत नव्हतं, तेही त्यामुळेच.

मग चाचणी पास कशी होत होती? या प्रकारात हँडल फिरवलं तरी ब्रेक सिलिंडरमधला दाब बदलत नाही. रिकामी असो वा भरलेली, पूर्ण ब्रेकला गेज 3.8 बारच दाखवणार. बदलतो तो तरफांचा हिशेब: बॉक्स दोन ओढदांड्यांपैकी कोणती ताणायची ते ठरवतो आणि ब्लॉकवर पोचणारा जोर त्यावर ठरतो. दाबाची चाचणी शंभर वेळा केली असती तरी शंभर वेळा पासच झाली असती.

हँडल

इथपर्यंत आल्यावर संशय बॉक्सवर होता, पण बॉक्स नीट चालत होता. सिक लाइनच्या फलाटाकडच्या बाजूने हँडल 'रिकामी'कडे फिरवलं, ब्रेक लावला, खाली वाकून पाहिलं तर ताणलेली दांडी बरोबर. 'भरलेली'कडे फिरवलं, दुसरी दांडी ताणली. ब्रेक सिलिंडरच्या पिस्टनचा स्ट्रोक, म्हणजे तो सरकतो ते अंतर, तेही बदललं. या जातीच्या वाघिणीत स्ट्रोक रिकाम्या स्थितीत 85 आणि भरलेल्या स्थितीत 130 मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तेवढाच मिळाला.

हँडल दोन्ही बाजूंना असतं. वाघिणीखालून आडवा दांडा जातो, त्याच्या दोन टोकांना दोन हँडलं, आणि मधल्या आर्मने बॉक्स चालतो. पलीकडच्या बाजूला एक शिकाऊ पोरगा ग्रीस पुसत होता. तो म्हणाला, "मास्तर, इकडचं हँडल लईच हलकं फिरतंय. आधी नुसतंच येतं, मग जड लागतं."

त्याला सांगितलं, तिकडूनच फिरव. त्याने हँडल 'रिकामी'च्या खुणेपर्यंत नेलं. माझ्या बाजूचं हँडल निम्म्यावर येऊन थांबलं. ब्रेक लावला. भरलेल्या स्थितीची दांडीच ताणली गेली. स्ट्रोक पट्टीने मोजला, जवळजवळ 130. खूण सांगत होती रिकामी, रिगिंग सांगत होतं भरलेली.

रिगिंगमध्ये हात घालण्याआधी व्हॉल्व आयसोलेट केला, म्हणजे ब्रेक पाइपपासून तोडला, रिझर्व्हॉयर आणि सिलिंडर दोन्ही पूर्ण रिकामे केले. हवा शिल्लक असताना तरफांमध्ये बोट घातलेला माणूस दुसऱ्यांदा घालत नाही, कारण बहुधा बोट उरत नाही. मग हँडल उतरवलं. ते ज्या पिनने दांड्यावर धरलेलं होतं, ती पिन मध्ये कंबरेसारखी बारीक झाली होती आणि हँडलच्या मुठीतलं भोक लांबट अंडाकार. हँडलचा पहिला निम्मा फेरा या सैलपणातच संपत होता, दांडा उरलेला निम्माच फिरायचा. बॉक्समधलं कुलूप तेवढ्याने 'भरलेली'च्या खाचेतून अर्धवट उचललं जायचं आणि बाहेर पडायचंच नाही. उलट दिशेने, भरलेल्या स्थितीकडे नेताना दांड्याला फारसं फिरायचंच नसे, त्यामुळे तिकडे कधी अडचण आली नाही. भरलेल्या फेरीत ब्रेक कमी पडल्याची तक्रार का नव्हती, हे त्यातून उलगडलं.

आता तोंड न फिरणाऱ्या रेकचा तपशील जागेवर बसला. माल उतरवण्याच्या ठिकाणी पायवाट एकाच बाजूला होती, आणि ती या झिजलेल्या हँडलची बाजू. सिक लाइनवर फलाट दुसऱ्या बाजूला, चांगल्या हँडलची बाजू. वाघीण दर वेळी त्याच तोंडाने यायची. बिघाड एका बाजूने व्हायचा आणि तपासणी दुसऱ्या बाजूने.

सगळ्यात बोचणारी गोष्ट नंतर कळली. आधीच्या एका खेपेला फलाटाकडचं हँडल अर्ध्यावर उभं असलेलं एका अनुभवी फिटरने पाहिलं होतं. शंटिंगमध्ये धक्का बसून हललं असेल, असं समजून त्याने ते नीट 'रिकामी'वर सरकवलं आणि मग चाचणी घेतली. माणूस कामाचा होता, टापटीप होता. त्या टापटिपीतच पुरावा पुसला गेला. म्हणून आता वाघीण लाइनवर आली की हात लावायच्या आधी हँडलं, आयसोलेटिंग कॉक आणि हँडब्रेकचं चाक जसं आहे तसं लिहून घेतलं जातं, मोबाइलवर फोटोही काढतात. कार्डात त्यासाठी वेगळा रकाना नव्हता, तो करून घ्यावा लागला.

दुरुस्ती, आणि त्यानंतर

दुरुस्ती अगदी किरकोळ होती. नवं हँडल, नवी पिन, स्प्लिट पिन वाकवून पक्की. आडव्या दांड्याचं टोकही थोडं झिजलं होतं, ते भरून मापावर आणलं. बॉक्स उघडून जुनं, दगडासारखं झालेलं ग्रीस खरवडून काढलं आणि नवं भरलं. चाकजोड्या तिसऱ्यांदा बदलल्या. या प्रकरणातला जवळजवळ सगळा खर्च चाकांचा होता. पिनची किंमत त्यात कुठे दिसणारही नाही.

चाचणीत भर पडली ती अशी. दोन्ही बाजूंनी, दोन्ही स्थितींत हँडल फिरवायचं, म्हणजे चार वेळा ब्रेक लावायचा. प्रत्येक वेळी कोणती दांडी ताणली ते डोळ्यांनी पाहायचं आणि स्ट्रोक मोजायचा. हँडल फिरवूनही स्ट्रोक हलला नाही तर वाघीण सोडायची नाही, मग गेज काहीही दाखवो. वेळ थोडा जास्त जातो आणि कुरकुरही होते. त्याच रेकमधल्या बाकीच्या वाघिणी या पद्धतीने तपासल्या तेव्हा आणखी काही हँडलांत सैलपणा निघाला. त्यांची चाकं अजून वाचली होती, कारण सैलपणा कुलूप अडण्याइतका वाढला नव्हता.

तपासणीचं खरं कारण मात्र चपटी चाकं नव्हेत. हाच सैलपणा उलट बाजूला आला, म्हणजे वाघीण भरलेली आणि रिगिंग रिकाम्या स्थितीत राहिलं, तर चाकावर एकही चट्टा पडणार नाही. ठोके ऐकू येणार नाहीत, कार्डावर तक्रार लिहिली जाणार नाही. ब्रेक फक्त निम्मा लागेल. अशा चार-पाच वाघिणी एका भरलेल्या रेकमध्ये असल्या तर उतारावर गाडी थांबायला किती जास्त अंतर लागेल, हे ड्रायव्हरला तिथेच कळणार. तेव्हा रिकाम्या स्थितीची चाचणी चाकं वाचवते आणि भरलेल्या स्थितीची माणसं. यार्डात वेळ कमी असला आणि एकच करता येत असली तर मी दुसरी करेन.

नव्या वाघिणींत हँडलच नसतं. स्प्रिंग किती दबली ते एक तरफ पाहते आणि त्याप्रमाणे सिलिंडरचा दाबच कमी-जास्त होतो: भरलेलीला 3.8 बार, रिकामीला 2.2 बारच्या आसपास. तिथे ही चूक गेजवर लगेच दिसते, अट एवढीच की गेज ब्रेक सिलिंडरच्या चाचणी-टोकाला लावायला हवं. ब्रेक पाइपवर लावलं तर काही कळत नाही. तरफ मात्र तिथेही गंजते, वाकते, चिखलाने अडते. लाइनवर रिकामी उभी असलेली वाघीण फक्त रिकाम्या स्थितीचा दाब दाखवते. भरलेल्या स्थितीची खात्री करायची तर तरफेखाली ठरावीक जाडीची पट्टी सरकवून भार असल्याचं भासवावं लागतं, ब्रेक पुन्हा लावून आकडा घ्यावा लागतो आणि नंतर ती पट्टी काढावी लागते. पट्टीला लाल दोरी बांधलेली असावी.